पेटीवरचा हात

सोमवार, २० जून १९६६. उंब्रज.

अकरा पेट्या आज एस.टी.च्या टपावरून उतरल्या. एकीचं बटण तुटलंय, बाकी शाबूत. जिल्हा परिषदेनं अकरा शाळांना रेडिओ द्यायचे ठरवलेत. आकाशवाणीचा शाळांसाठीचा कार्यक्रम मुलांना ऐकवायचा आणि त्यावर शिकवायचं. ते कसं करायचं हे शिक्षकांना शिकवायला माझी इथं नेमणूक झालीय. हुद्दा मोठा आहे, दृक्-श्राव्य साधन पर्यवेक्षक. खोली बियाण्याच्या दुकानावर, लहान.

गुणमाला सांगलीला, माझ्या आईजवळ. इथं बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही. सातवीला सात वर्षं विज्ञान शिकवलं, पण मन रमलं ते यंत्रांत. यंत्र बिघडलं तर कुठं बिघडलं ते सापडतं. माणसांचं मला तसं जमत नाही.

बुधवार, २९ जून. उंब्रज.

आज माळदऱ्याला पेटी पोचवली. इथून चार मैल, शेवटचा मैल सायकल हातात धरून. दोन खोल्यांची शाळा, दोनच शिक्षक. साळुंखे गुरुजी, हिंदुराव नाव, तिसरी-चौथी शिकवतात, मुख्याध्यापकही तेच. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. पहिली-दुसरीला मुक्ताबाई कांबळे, वय बावीसच्या आसपास, याच गावच्या.

गुरुजींचं बोलणं फार मोठ्यानं, जणू मी नदीपलीकडं उभा आहे. मी खिडकीबाहेर एरिअलची तार बांधत होतो. तिथूनच विचारलं, "गुरुजी, बॅटरी कुठल्या कपाटात ठेवणार?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. ते शांतपणे हजेरी लिहीत होते. शेवटी बाईंनीच जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून माझा प्रश्न त्यांना विचारला, तेव्हा म्हणाले, "मधल्या." परिषदेचा माणूस विचारतोय आणि त्याला उत्तर बाईंच्या मार्फत.

पेटी लावली. एक विनोदी गोष्ट लागली होती. मुलं खळाळून हसली. गुरुजीही हसले, पण जरा उशिरा. विनोद त्यांना चटकन कळत नसावा.

शुक्रवार, १ जुलै.

उंब्रज, मसूर, चाफळच्या बाजूच्या शाळा झाल्या. सगळीकडं उत्साह. एका ठिकाणी हरणाबाई नावाच्या म्हातारीनं पेटीला हळदकुंकू वाहिलं. नाही म्हणवेना.

गुरुवार, २१ जुलै.

माळदरे, दुसरी भेट. या शाळेतली शिस्त चमत्कारिक आहे. मुलाला उत्तर द्यायचं असेल तर जागेवरून बोलत नाही. उठून पुढं येतं, गुरुजींच्या तोंडासमोर उभं राहतं आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सांगतं. किती वेळ जातो यात. मी म्हटलं, "आधुनिक पद्धतीत मूल जागेवरून मोकळेपणानं बोलतं." गुरुजी माझ्याकडं टक लावून बघत होते, म्हणाले, "आमच्यात पुढं येऊन बोलायचं. घाबरटपणा जातो पोरांचा."

तसं असेलही. चौथीतली पारू नावाची एक पोरगी नकाशासमोर उभी राहून कृष्णा-कोयनेचा संगम असा समजावून सांगत होती की मीच ऐकत राहिलो.

कार्यक्रम लागल्यावर गुरुजी पेटीपाशी उभे राहिले आणि तिच्यावर पंजा ठेवून तसेच उभे. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. यंत्राला सारखा हात लावायचा नसतो हे मी नियमावलीत लिहून दिलंय. सांगितलं, तर हात काढला आणि दोन मिनिटांनी पुन्हा ठेवला. कार्यक्रमानंतर प्रश्न विचारायचे असतात, ते त्यांनी विचारलेच नाहीत. ते काम बाईंनी आपला वर्ग सोडून येऊन केलं. वडीलधारे म्हणून बाईंनी किती सांभाळून घ्यायचं?

मंगळवार, ९ ऑगस्ट.

अकरापैकी आठ शाळा रांगेला लागल्या. एक पेटी ओल धरून बंद पडली होती, उन्हात ठेवून दुरुस्त केली. साताऱ्याहून थोरात साहेबांचं पत्र आलं. ते उपशिक्षणाधिकारी, माझे वरिष्ठ. लिहितात, जिथं संच नीट वापरत नाहीत तिथला काढून दुसऱ्या शाळेला द्या, आणि शिक्षकाबद्दल स्पष्ट शेरा लिहा.

गुरुवार, १ सप्टेंबर.

राग अजून उतरलेला नाही.

न कळवता माळदऱ्याला गेलो. मुक्ताबाई रजेवर होत्या, आईला घेऊन कराडला डॉक्टरांकडं. कार्यक्रमाची वेळ झालेली. दोन्ही वर्गांची मुलं एकत्र, ओळीत, मांडी घालून बसलेली. पुढं टेबलावर पेटी चालू, आणि पेटीतून नुसती खरखर. काटा केंद्रापासून दोन बोटं बाजूला. एक शब्द कळत नव्हता. गुरुजी पेटीवर हात ठेवून उभे, मान डोलावताहेत. आणि साठ मुलं एवढंसं न हलता ती खरखर ऐकताहेत.

मी दारात पाचेक मिनिटं उभा होतो. एकाही पोरानं 'गुरुजी, लागत न्हाई' असं म्हटलं नाही. इतका धाक.

पुढं होऊन मी बटण बंद केलं. गुरुजी दचकले. म्हटलं, "काय थट्टा चालवलीय ही? नको असेल पेटी तर तसं सांगा." आधी माझ्याकडं, मग पेटीकडं, मग मुलांकडं बघितलं त्यांनी. चेहरा उतरला. म्हणाले, "चुकलं माझं." बस्स, एवढंच. पारू उठली, मला म्हणाली, "गुरुजींस्नी काय बोलू नगासा." मी तिला खाली बसायला सांगितलं.

शुक्रवार, २ सप्टेंबर.

अहवाल टपालात टाकला. 'मुख्याध्यापक श्री. साळुंखे योजनेची जाणूनबुजून अवहेलना करतात. संच काढून घ्यावा. सदर शिक्षक नव्या पद्धतीस अक्षम वाटतात, त्यांच्याबाबत विचार व्हावा.' वाक्य चांगलं जमलं असं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही, पण गेलं.

रविवार, २५ सप्टेंबर. सांगली.

पर्युषण पर्वासाठी घरी आलोय. गुणमालेचे उपवास चालू आहेत, रोज सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाणं. आज परत आल्यावर ती ओसरीवर बसली होती तेव्हा तिला माळदऱ्याची हकिकत सांगितली. मला वाटलं तीही चिडेल.

ती म्हणाली, "तुम्हाला फसवायचं असतं तर त्यांनी पेटी बंदच ठेवली असती की."

"म्हणजे?"

"कोणी बघत नसताना खरखर कशाला ऐकत बसेल माणूस? ती खरखर आहे हे त्यांना माहीतच नसेल."

"ढळढळीत आवाज होता, गुणमाला."

"तुम्हाला," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

मी ही वही काढून पहिल्यापासून वाचली. २९ जून. २१ जुलै. सगळं मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. बाई समोर जाऊन सांगतात. मुलं पुढं येऊन तोंड मोठं उघडतात. हसू उशिरा येतं. पेटीवर हात.

विज्ञान शिकवलं मी सात वर्षं. ध्वनी म्हणजे कंप, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

गुरुवार, २९ सप्टेंबर. उंब्रज.

पहाटेच्या गाडीनं निघून इस्लामपूर, कराड करत दुपारी माळदरे गाठलं. मुक्ताबाई शाळेच्या पायरीवर वह्या तपासत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

मी विचारलं, "गुरुजींना ऐकू येत नाही ना?"

त्यांनी वही मिटली. "चार वरसं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. गावात समद्यांना ठावं हाय. पोरांनाबी. तुमालाच काय ते न्हवतं."

"मला सांगायचं होतं बाई."

"सांगून काय झालं असतं? अहवालच झाला असता. तो न सांगताबी झाला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सातवी झाले तवा घरचे म्हणत हुते, बास झालं. गुरुजी तीन दिवस आमच्या वस्तीत येऊन बसले. तिसऱ्या दिशी माझ्या आईच्या हातचं जेवले, आणि मग माझा ट्रेनिंगचा अर्ज लिवला. त्यांच्या मागं मी न्हाई उभी राहायची तर कोण?"

मुलांबद्दल विचारलं. त्या दिवशी एकजणही बोललं नाही ते का? म्हणाल्या, "बोललं असतं तर गुरुजींना चारचौघात कमीपणा आला असता. पोरांनी आपापसातच ठरवलं, गप बसायचं. मी रजेवरनं आले तवा रडत सांगितलं मला."

आणि मी त्याला धाक म्हटलं.

शुक्रवार, ३० सप्टेंबर.

आज गुरुजींच्या घरी गेलो. समोर बसलो, सावकाश बोललो. अहवालात काय लिहिलं ते शब्द न बदलता सांगितलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते. मधेच एकदा "अक्षम? परत सांगा" असं म्हणाले, आणि मला तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं. एकदा लपवलं की मगनं सांगणं जड जातं. मिरजेला दाखवलं. कानाचं यंत्र लावून बघितलं. त्यात भांडी, कावळे, पोरं समदीच एकदम वरडाय लागतात, शब्द काय सुटा पडत न्हाई. ठेवून दिलं."

"मग रेडिओ कशाला घेतलात? नको म्हणायचं."

"माझ्या कानापायी पोरांचं का आडवावं? पेटीवर हात ठेवला की थरथर कळती. थरथरतीया म्हंजे बोलतीया, असं धरून चालत हुतो." थोडं हसले. "त्या दिशीबी थरथरतच हुती की वो."

मला तिथं बसवेना आणि उठवेना.

निघताना म्हणाले, "लिवलंय ते खरं नसलं तर खोडा. खरं असलं तर राहू द्या. माझ्याकडं बघून काय करू नका."

सोमवार, ३ ऑक्टोबर. सातारा.

थोरात साहेबांना भेटलो. म्हटलं, माझा अहवाल चुकीचा आहे, मागं घेतो. त्यांनी चष्मा काढला.

"महिन्यापूर्वी अवहेलना होती. आज नाही?"

"अवहेलना नव्हतीच. मी नीट पाहिलं नाही."

"मग काय होतं?"

इथं मी अडखळलो. खरं कारण सांगितलं तर वैद्यकीय तपासणी आणि गुरुजी घरी. न सांगावं तर खोटेपणा. म्हटलं, "साहेब, ते मी सांगणं बरोबर नाही. आपण शाळेत यावं, दिवसभर बसावं, मग काय ते ठरवावं."

त्यांना ते आवडलं नाही. माझ्या फाईलला शेरा बसणार, 'पूर्ण चौकशीअभावी निष्कर्ष'. बरोबरच आहे. पण डिसेंबरमध्ये येतो म्हणाले. तोवर पेटी माळदऱ्यातच राहील.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर.

कराडच्या कचेरीत चित्रपट्टी दाखवायचं यंत्र पडून होतं. मोटारीच्या बॅटरीवर चालतं. रेडिओच्या नादात मी ते विसरलोच होतो. उंब्रजच्या गॅरेजमधून बॅटरी भरून घेतली आणि माळदऱ्याच्या कोंडीबा गाडीवानाच्या बैलगाडीतून सगळं नेलं.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर धरणाचं चित्र पडलं, आणि मी पहिल्यांदाच गुरुजींना मुलांसोबत, त्याच क्षणी, "आं" म्हणताना पाहिलं.

यंत्र कसं चालवायचं ते सांगायला मी पुढं सरकलो. त्यांनी एकदाच माझ्या बोटांकडं बघितलं आणि बटण हातात घेतलं. पुढचा तासभर ते मी शिकवतो त्याहून कितीतरी चांगलं शिकवत होते. चित्र दाखवायचं, थांबायचं, मुलांना बघू द्यायचं. मग एकजण पुढं येतो, उजेडात उभा राहतो, चित्रावर बोट ठेवून सांगतो. उजेड तोंडावर पडतो, म्हणून ओठ स्पष्ट दिसतात. हे त्यांना लगेच सुचलं. मला सुचलं नसतं.

रेडिओ आता मुक्ताबाईंकडं. दोघांनी वर्गांची अदलाबदल करून तास नव्यानं बसवले. पेटीच्या वेळी बाई तिसरी-चौथीला, गुरुजी लहानग्यांना अक्षरं गिरवून घ्यायला. बाईंनी काटा माझ्याहून लवकर लावला. "रोज मीच लावत हुते," म्हणाल्या.

मंगळवार, २९ नोव्हेंबर.

दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाल्या. माळदऱ्याला गेलो तर गुरुजींनी टेबलावर काचेचे तुकडे मांडलेले. फोटोच्या जुन्या चौकटींतून काढून, कडा घासून, सगळे एका मापाचे. त्यांवर शाईनं कृष्णा काढलेली. वाईचा घाट एका काचेवर, कराडचा संगम दुसरीवर, सांगलीचा पूल तिसरीवर. आमच्या यंत्रात काचेची चौकटही बसते हे त्यांनी स्वतःच उघडून शोधून काढलंय. विकत आलेल्या पट्ट्यांत परगावचे डोंगर असतात. यात मुलांची स्वतःची नदी.

"शाई ओघळती," म्हणाले. "मग डिंक घालून बघितला. आता धरती."

सांगलीच्या पुलाला एक कमान कमी पडलीय. सांगावी की न सांगावी असं झालं. सांगितली. त्यांनी लगेच काच पुसायला घेतली.

गुरुवार, ८ डिसेंबर.

थोरात साहेब आले. सकाळी अकरापासून मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. गुरुजींच्या कानांबद्दल त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मुक्ताबाईंचा रेडिओचा तास झाला. मुलांनी ऐकलेलं नाटक पुन्हा स्वतः करून दाखवलं. मग गुरुजींच्या काचा. पारू उजेडात येऊन महाबळेश्वरापासून सांगलीपर्यंत नदीबरोबर चालत गेली, वाटेतलं एकही गाव चुकली नाही.

मधेच साहेबांनी मागून विचारलं, "गुरुजी, ही शाई कुठली?"

गुरुजी फळ्याकडं तोंड करून उभे. उत्तर नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं.  मुक्ताबाई दारात होत्या, त्या पुढं निघाल्या. पण तेवढ्यात गुरुजी फळ्याकडून वळले, आणि साठ मुलांची तोंडं मागं फिरलेली त्यांनी पाहिली. त्यांनी हात करून बाईंना थांबवलं आणि चालत जाऊन साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, तुमी काय तरी विचारलंत. मला ऐकू येत न्हाई. चार वरसं झाली. लपवलं, ते चुकलं. आता समोरून विचारा."

साहेब उठून उभे राहिले. का ते मला कळलं नाही. खुर्चीवर बसूनही विचारता आलं असतं. सावकाश म्हणाले, "शाई कुठली, असं विचारलं."

"दौतीची. डिंक घालून."

मग मुलं सुटली. साहेब दोन्ही वर्गांच्या वह्या चाळत बसले, पंधरावीस मुलांना तोंडी विचारलं. जाताना गाडीपाशी मला म्हणाले, "कानाचं लिहावंच लागेल मला. पण तपासणीच्या कागदावर फक्त कान येतात. आज वर्गात काय अडलं ते मी पाहिलं. काही अडलं नाही. तेही लिहितो. एवढ्यावर त्यांची मुदत पुरी होईल असं बघतो." मग थांबून म्हणाले, "आणि मगदूम, त्या काचा बाकीच्या दहा शाळांना कोण शिकवणार? तुम्हाला येतात का करायला?"

"नाही साहेब."

"मग ज्यांना येतात त्यांना बोलवा."

गुरुजींना सांगितलं, तेव्हा आधी त्यांना वाटलं की मी काहीतरी चुकीचं बोलतोय. मला पाटीवर लिहून द्यावं लागलं.

शनिवार, २१ जानेवारी १९६७. उंब्रज.

आज प्रशिक्षण झालं. अकरा शाळांचे एकवीस शिक्षक. माझी प्रस्तावना लांबली, मुक्ताबाईंनी मागून घड्याळ दाखवलं. त्यांचाही रेडिओवर अर्धा तास होता. त्यांनी माझी नियमावली बाजूला ठेवली आणि आपली वही उघडली.

मग साळुंखे गुरुजी उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी नवी. पहिलंच वाक्य, "मला ऐकू येत न्हाई. कुणाला काय विचारायचं असंल तर पुढं या."  मग एकेक शिक्षक उठून पुढं जायला लागला. साठीला टेकलेले, मिशावाले, पोरांसारखे पुढं जाऊन तोंड मोठं उघडून विचारत होते. मुक्ताबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मलाही हसू आवरेना. गुरुजीही हसले, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी.

चार वाजता पांगापांग झाली. मी तारा गुंडाळत होतो. नानासो गुरुजी एकटेच मागं रेंगाळले. ते डोंगरापलीकडच्या एकशिक्षकी शाळेचे. त्यांची पेटी ऑगस्टपासून बंद, पत्राला उत्तर नाही, आज दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. माझ्या यादीत त्यांच्या नावापुढं खूण आहे, शेरा लिहायचा म्हणून.

ते साळुंखे गुरुजींसमोर जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मग पाटी घेतली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्यावर लिहिलं, आणि पुढं केली.

काय लिहिलं ते मला दिसलं नाही. साळुंखे गुरुजींनी वाचलं. घाई केली नाही. तळव्यानं पाटी पुसली, स्वतःची खुर्ची ओढून त्यांना बसायला दिली आणि मुक्ताबाईंना हाक मारली.

मी बॅटरी उचलली आणि बाहेर कोंडीबाच्या गाडीपाशी जाऊन थांबलो. आत तिघांचं अर्धा तास चाललं होतं. बैल सोडलेले होते, कोंडीबालाही घाई नव्हती.